मंडपातील जादू आणि हशा : स्थानिक प्रेक्षकांसाठी तासाभराचा प्रयोग कसा उभा करावा

हातचलाखी आणि विनोद यांची सांगड घालून तासाभराचा कार्यक्रम करणाऱ्या हौशी कलाकाराला महाराष्ट्रात व्यासपीठांची वानवा नाही. गणेशोत्सवातील मंडप, शाळेचे स्नेहसंमेलन, कोजागरीची गच्ची, ज्येष्ठ नागरिक संघाची मासिक सभा, गावची जत्रा आणि परदेशातील महाराष्ट्र मंडळाचा दिवाळी मेळावा अशा सर्व ठिकाणी मुलांपासून आजोबांपर्यंत सर्वांना एकत्र बसवून ठेवील असा कार्यक्रम हवा असतो. तरीही अशा कार्यक्रमांचा बोजवारा उडताना पुष्कळदा दिसतो, आणि त्याचे कारण हातातील कौशल्याची कमतरता हे क्वचितच असते. नाट्यगृहातील प्रेक्षक एकमेकांना अनोळखी असतात आणि अंधारात बसलेले असतात. मंडपातील प्रेक्षक मात्र एकमेकांना नावाने ओळखतात, एकमेकांच्या तोंडाकडे पाहून हसतात आणि कार्यक्रम संपल्यावर एकाच जिन्याने घरी जातात. या एका फरकामुळे प्रयोगांची निवड, विनोदाचा विषय, मंचावर बोलावण्याचा माणूस आणि वेळेचे गणित हे सारेच बदलते. पुढील विवेचन एकट्याने किंवा एका साथीदारासह साठ मिनिटांचा कार्यक्रम करणाऱ्या कलाकाराला डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

जागेची पाहणी

कार्यक्रम ठरला की प्रयोगांची यादी करण्याआधी जागा पाहावी, आणि शक्य असेल तर ज्या वेळी कार्यक्रम होणार आहे त्याच वेळी पाहावी. दुपारी प्रशस्त वाटणारा मंच संध्याकाळी मूर्तीभोवतीच्या सजावटीने, फुलांच्या परड्यांनी आणि सत्काराच्या खुर्च्यांनी निम्मा झालेला असतो. मंचाची उंची, खोली आणि तो किती बाजूंनी उघडा आहे हे पाहावे. तीन बाजूंनी माणसे बसणार असतील, तर टेबलामागे किंवा अंगाच्या आडोशाने करावयाच्या क्रिया यादीतून तत्काळ वगळाव्यात. चाळीत अथवा इमारतींच्या चौकात कार्यक्रम असेल, तर नवख्या कलाकाराच्या हमखास नजरेआड होणारी एक गोष्ट म्हणजे वरच्या गॅलऱ्या. समोरच्या दोनशे माणसांपासून उत्तम रीतीने लपवलेली वस्तू दुसऱ्या मजल्यावरच्या कठड्याला रेललेल्या चार मुलांना वरून स्पष्ट दिसते, आणि ती मुले गप्प बसत नाहीत. अशा ठिकाणी मंचावर कापडी छत आहे का हे विचारावे. नसेल तर वरून पाहिले तरी उघडे पडणार नाहीत असेच प्रयोग घ्यावेत.

त्यानंतर मंचाच्या मागची बाजू पाहावी. मंडपाचा मागील पडदा बहुधा बांबूला बांधलेला असतो आणि त्याच्या फटीतून मुले डोकावतात. एक जबाबदार कार्यकर्ता तेथे उभा करण्याची मागणी आधीच करावी. मागे लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा असतील तर कार्यक्रमापुरत्या त्या बंद करण्यास सांगावे, कारण पाठीमागून येणारा उजेड पातळ कापड आणि कागद यांच्या आरपार जातो आणि जे दिसू नये ते दाखवतो. मंचावरील उभा पंखा ही दुसरी डोकेदुखी आहे. रेशमी रुमाल, वर्तमानपत्र आणि पत्ते या तिघांनाही वारा नको असतो, पण कार्यकर्ते आपुलकीने पंखा नेमका कलाकाराच्या अंगावर सोडतात. भाद्रपदातील दमट हवेत पत्ते एकमेकांना चिकटतात, म्हणून नवा जोड बंद डबीत घालून न्यावा आणि ऐनवेळी उघडावा. आयोजक प्रयोगाच्या आधी आग्रहाने बटाटेवडे देतात, तेही कार्यक्रमानंतर खावेत. तेलकट बोटांनी पत्ता सरकवण्याचा प्रयत्न ज्याने केला असेल त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही.

ध्वनियंत्रणेविषयी एकच मागणी ठामपणे करावी, ती म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील असा कॉलर माईक किंवा हेडसेट. हातातला माईक धरून गायक गाऊ शकतो, जादूगार काम करू शकत नाही. साऊंडवाल्याकडे तो नसेल, तर गळ्यात अडकवण्याची माईकची तारेची कडी स्वतःजवळ बाळगावी. तिची किंमत फार नसते आणि ती अनेक संध्याकाळी वाचवते.

वेळेचे गणित

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागी ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्री १२ पर्यंत वाढवण्याचा अधिकार राज्याला आहे, आणि ते दिवस कोणते हे त्या त्या जिल्ह्यात आधी जाहीर होते. आपला दिवस त्यांत आहे की नाही हे आयोजकांना विचारून घ्यावे. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला जातो, तेथे नियम अधिक कडक असतात. पोलीस ठाण्याची परवानगी मंडळाने उत्सवासाठी घेतलेली असतेच, तरी तिच्यात करमणुकीच्या कार्यक्रमाचा उल्लेख आहे का हे पाहून ठेवावे.

आता गणित असे मांडावे. आरती आठला, ती संपते साडेआठला. पावणेनऊला कार्यक्रम सुरू होणार असे पत्रिकेत छापलेले असते. प्रत्यक्षात प्रमुख पाहुणे येतात, त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, ते दोन शब्द बोलतो म्हणून पंधरा मिनिटे बोलतात, मग रांगोळी स्पर्धेचे बक्षीस वितरण निघते आणि कलाकाराच्या हाती माईक येतो तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटे झालेली असतात. दहाला माईक बंद होणार हे निश्चित आहे. याचा अर्थ साठ मिनिटांचा कार्यक्रम चाळीस मिनिटांत करावा लागतो, आणि हे गृहीत धरूनच तो बांधावा. प्रत्येक प्रयोगाला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा आणि शेवटचा प्रयोग सोडून मधले कोणते दोन काढता येतील हे आधीच ठरवून ठेवावे. शेवटचा प्रयोग मात्र कधीही कापू नये. प्रसिद्ध भारतीय जादूगार पी. सी. सरकार यांनी ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीवर थेट प्रक्षेपणात सहकारी मुलीला करवतीने कापण्याचा प्रयोग केला, आणि ती उठून उभी राहण्याआधीच निवेदकाने कॅमेऱ्यासमोर येऊन कार्यक्रम संपल्याचे जाहीर केले. मुलगी मेली असे समजून प्रेक्षकांनी बीबीसीला दूरध्वनी करकरून हैराण केले. ती वेळेची चूक होती की हुशारीने रचलेली योजना, यावर जादूगारांत अजून वाद रंगतात. सरकारांना त्या रात्रीने जगभर प्रसिद्धी दिली, परंतु मंडपात माईक अर्ध्यावर बंद पडला तर लोक शांतपणे खुर्च्या उचलू लागतात.

प्रयोगांची निवड

चाळीस ते साठ मिनिटांसाठी सात किंवा आठ प्रयोग पुरतात. निवडीची पहिली कसोटी अशी की शेवटच्या रांगेत, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभ्या असलेल्या माणसाला हातातली वस्तू काय आहे हे कळले पाहिजे. नाणी, अंगठ्या आणि नेहमीच्या आकाराचे पत्ते या कसोटीवर टिकत नाहीत. जाड पांढरी दोरी, मोठ्या धातूच्या कड्या, रंगीत रुमाल, वर्तमानपत्र, कापडी पिशवी आणि वहीच्या पानाएवढे मोठे पत्ते टिकतात. दुसरी कसोटी अशी की काय घडले हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. 'दोरी कापली आणि ती पुन्हा अखंड झाली' हे आजी दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगू शकते. 'पाच जणांनी पाच पत्ते निवडले, त्यांपैकी तिसऱ्याचा पत्ता दुसऱ्याच्या खिशात आणि…' असे सांगताना ती स्वतःच थांबते. तिसरी कसोटी साहित्याच्या मांडणीची आहे. ज्या प्रयोगाची पूर्वतयारी मंचावर कोणाच्याही समोर पाच मिनिटांत होत नाही, तो मंडपात नेऊ नये, कारण बंद खोली मिळेल याची खात्री कधीच नसते.

ओळख करून देणारा पहिला प्रयोग दोन मिनिटांचा, झपाट्याचा आणि शक्यतो बोलण्याविना असावा. भाषणांनी कंटाळलेल्या प्रेक्षकांना आणखी एक माणूस बोलू लागला आहे असे वाटता कामा नये. रिकाम्या हातातून रुमाल, रुमालातून दुसरा रुमाल, एवढे पुरते. परदेशातील मंडळांत ज्या मुलांना मराठी अर्धीमुर्धीच समजते त्यांच्यासाठी असे मूक प्रयोग संख्येने अधिक ठेवावेत. त्यानंतर नमस्कार करून बोलायला सुरुवात करावी. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला प्रेक्षकांतील कोणाला तरी मंचावर घ्यावे, मध्यभागी सर्वांत मोठा आणि सर्वांत जास्त हशाचा प्रयोग ठेवावा, त्यामागोमाग एक शांत प्रयोग द्यावा आणि शेवट डोळ्यांना भरेल अशा दृश्याने करावा. वर्तमानपत्र फाडून पुन्हा अखंड करण्याचा प्रयोग करणार असाल तर त्या दिवशीचे, त्या गावात वाचले जाणारे दैनिक घ्यावे आणि फाडण्याआधी त्यातील एखादे स्थानिक वृत्त मोठ्याने वाचून दाखवावे. असा प्रयोग लोकांना आपल्यासाठीच बसवल्यासारखा वाटतो.

माझ्या मते या सर्वांत सर्वाधिक उपयोगी वस्तू म्हणजे पाण्याचा तांब्या. तो उलटा करून पूर्ण रिकामा करावा, बाजूला ठेवावा, दुसरा प्रयोग करावा, आणि परत उचलावा तर त्यातून पुन्हा पाणी पडते, असा हा जुना भारतीय प्रयोग आहे. पी. सी. सरकार यांनी 'वॉटर ऑफ इंडिया' या नावाने तो आपल्या कार्यक्रमात प्रयोगांच्या मधून मधून फिरवत ठेवला होता. मंडपातील कार्यक्रमाला तो धाग्यासारखा उपयोगी पडतो. पहिल्या खेपेस काहीही न बोलता तांब्या बादलीत रिकामा करावा. दुसऱ्या खेपेस त्यातून पाणी निघाले की किंचित आश्चर्य दाखवावे आणि पुढे जावे. तिसऱ्या खेपेस प्रेक्षकच वाट पाहू लागतात, तेव्हा बोलावे: 'तुमच्या इमारतीत पाणी किती वाजता येतं? सहा ते साडेसहा? मग हा तांब्या टाकीवर ठेवून जातो.' ज्या वसाहतीत टँकर येतो तेथे या एका वाक्याला मिळणारा हशा तयार विनोदांच्या वहीतील दहा वाक्यांना मिळत नाही. चौथ्या खेपेस तांब्याकडे नुसते पाहिले तरी लोक हसतात. पाचवी खेप अगदी शेवटी, निरोप घेऊन झाल्यावर घ्यावी. मात्र पाचाच्या वर जाऊ नये. जेथे खरोखरच पाण्याची टंचाई आहे अशा गावी बादलीतले पाणी झाडांना घालावे, आणि तसे सांगावेही, कारण तेथे वाया जाणाऱ्या पाण्याकडे पाहून कोणालाही हसू येत नाही.

विनोदाची तयारी

आपल्याकडे लोकनाट्यात गण आणि गवळण यांच्यानंतर बतावणी येते, आणि तिच्यात शहाणपणाचा आव आणणारा एक आणि त्याच्या प्रत्येक शब्दाचा सरळ अर्थ घेऊन त्याला उताणा पाडणारा सोंगाड्या दुसरा, अशी जोडी असते. जादूच्या कार्यक्रमाला ही जोडी विलक्षण शोभते. जादूगार जितका भारदस्त बोलेल तितका साथीदार साधा असावा. 'मी आता या पेटीवर मंत्र टाकतो' असे जादूगाराने म्हणताच साथीदाराने पेटी पुसायला फडके आणावे, अशा साध्या गैरसमजांवर पाच मिनिटे सहज निघतात. साथीदार नसेल तर ही भूमिका वस्तूंना द्यावी: ऐकेनाशी झालेली कांडी, वेळेवर न उघडणारी पिशवी, आणि त्यांच्यापुढे हतबल झालेला जादूगार. यात एक तांत्रिक लाभही आहे. माणूस हसतो त्या क्षणी त्याची नजर सैल होते. जे काम कोणी पाहू नये ते गंभीर शांततेत करण्यापेक्षा हशाच्या ओसरत्या लाटेवर करावे.

बोलण्याचा मजकूर लिहून काढावा. उत्स्फूर्त वाटणारे बहुतेक सर्व लिहिलेलेच असते. लिहिताना मराठी वाक्याची एक अडचण ध्यानात घ्यावी, ती अशी की आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि ज्या शब्दावर हसायचे तो शब्द त्याच्या आधी दबून जातो. 'सेक्रेटरी साहेब स्वतः जिन्याने चौथ्या मजल्यावर लिफ्ट दुरुस्त झाल्याचं सांगायला आले होते' या वाक्यावर कोणी हसणार नाही. तेच वाक्य 'लिफ्ट दुरुस्त झाल्याचं सांगायला सेक्रेटरी साहेब स्वतः चौथ्या मजल्यावर आले. जिन्याने.' असे म्हटले की हशा येतो. हसवणारा शब्द शेवटी ठेवावा, त्याच्या आधी निमिषभर थांबावे आणि त्याच्यानंतर गप्प राहावे. हशा चालू असताना पुढचे वाक्य बोलणारा कलाकार स्वतःचेच वाक्य मारतो, कारण ऐकू आले नाही म्हणून लोक हसणे आवरते घेतात आणि पुढच्या वेळी सावध राहतात.

स्थानिक विषय मिळवण्यासाठी कार्यक्रमाच्या दीड तास आधी पोहोचावे आणि रखवालदार, मंडपवाले व चहा आणून देणारे कार्यकर्ते यांच्याशी गप्पा माराव्यात. तीन विषय पुरेसे होतात. ते बहुधा पाणी, लिफ्ट आणि पार्किंग हेच असतात, आणि गावात वीज, एसटी व मोबाइलची रेंज. ते लिहून घेतल्यावर एखाद्या जाणत्या आयोजकाला दाखवावेत. बाहेरच्याला निरुपद्रवी वाटणाऱ्या पार्किंगच्या विनोदामागे दोन कुटुंबांतील न्यायालयात गेलेले भांडण असू शकते. जात, धर्म, रंग, शरीर, मूल नसणे, लग्न न होणे आणि घरातील स्त्रियांची टवाळी हे विषय पूर्णपणे टाळावेत, त्यांना हशा मिळत असला तरी. राजकारणावर बोलण्यात गैर काही नाही, पण मंडपाबाहेरच्या फलकावर ज्यांचे छायाचित्र आहे ते पहिल्या रांगेत बसलेले असतात आणि पेच अखेर मंडळाच्या गळ्यात पडतो.

येथे स्वतःची एक चूक सांगतो. एका वसाहतीत मी दुसऱ्या रांगेतील गृहस्थांच्या टकलावर वाक्य टाकले. ते वाक्य त्याआधी अनेक ठिकाणी चालले होते. त्या दिवशी एकही माणूस हसला नाही. ते गृहस्थ कर्करोगावरील उपचार घेऊन आठच दिवसांपूर्वी घरी परतले होते, आणि हे माझ्याखेरीज तेथील प्रत्येकाला ठाऊक होते. त्यानंतरची पंचवीस मिनिटे मी काय केले ते मला आठवत नाही. त्या दिवसापासून माझ्या कार्यक्रमात टक्कल असेल तर ते माझेच असते.

प्रेक्षकांतील माणूस मंचावर घेताना

सर्वांत उंच उड्या मारून हात वर करणारे मूल घेऊ नये, कारण त्याला मंच हवा असतो आणि प्रयोग नको असतो. आईने पाठीवर हात ठेवून पुढे ढकललेले मूल तर मुळीच घेऊ नये. ते मंचावर येऊन रडते. डोळे मोठे करून पाहणारे, हात अर्धवट वर करणारे, सात ते दहा वर्षांचे मूल उत्तम. ते आले की त्याच्या उंचीला खाली वाकावे, नाव विचारावे आणि ते नाव पुढे बरोबर उच्चारावे. मुलाची फजिती करून मिळवलेला हशा दहा सेकंदांचा असतो आणि ते मूल वर्षभर शाळेत त्या फजितीच्या नावाने ओळखले जाते. चमत्कार शक्य तेवढा त्याच्याच हातात घडवावा. गाठ त्याने फुंकर मारल्यावर सुटावी, रुमाल त्याच्या मुठीत रंग बदलावा, आणि टाळ्या मागताना त्याचे नाव घेऊन मागाव्यात. जागेवर परत जाताना त्याची मान कशी ताठ असते ते पाहावे.

मोठ्यांपैकी बोलावताना आधी खाली उतरून दोन मिनिटे बोलावे आणि डोळ्यांनी विचारावे. नकार दिसला की पुढे सरकावे. काका, काकू, आजी, ताई, दादा ही संबोधने मंडपात स्वाभाविक वाटतात, पण पन्नाशीच्या बाईंना आजी म्हणण्याचे धाडस करू नये. शंका असेल तेथे ताई म्हणावे. नवविवाहित जोडपे, मंडळाचे अध्यक्ष आणि नुकतेच भाषण करून बसलेले पाहुणे यांना बोलावण्याचा आग्रह कार्यकर्ते करतात, तो हसून टाळावा. पहिल्या दोघांना संकोच असतो आणि तिसरे माईक परत देत नाहीत. कोणाच्याही खांद्याला, हाताला अथवा खिशाला स्पर्श करायचा असेल तर मोठ्याने विचारूनच करावा.

'मला माहितीये, ते बाहीत आहे!' असे ओरडणारा मुलगा प्रत्येक मंडपात असतोच, आणि तो शत्रू नव्हे. त्याला दटावले की सारी मुले त्याच्या बाजूने जातात. उलट त्याचे आभार मानावेत, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सावकाश वर दुमडाव्यात आणि पुढचा प्रयोग तसाच करावा. त्यासाठी बाहीचा काहीही संबंध नसलेला एक प्रयोग हाताशी असावा. मोठे माणूस मद्याच्या अंमलाखाली आरडाओरडा करत असेल तर तेथे विनोदाने काम होत नाही. थांबून आयोजकांकडे पाहावे आणि त्यांना त्यांचे काम करू द्यावे.

सुरक्षितता आणि कायदा

मंडप म्हणजे कापड, बांबू, थर्माकोल आणि विजेच्या तारा. येथे विस्तव नको, भडकणारा कागद नको, धूर नको. या मुद्द्यावर तडजोडीला जागा नाही. साखळदंडांतून किंवा पाण्यातून सुटण्याचे प्रयोग हौशी माणसाने करूच नयेत. १६ जून २०१९ रोजी 'मँड्रेक' या नावाने ओळखले जाणारे जादूगार चंचल लाहिरी कोलकात्यात हुगळी नदीत साखळ्यांनी बांधून उतरले आणि बुडाले, आणि त्यांना तर अशा प्रयोगांचा अनुभव होता.

ससा किंवा कबुतर दाखवण्याचा मोह आवरावा. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० आणि त्याखालील २००१ चे नियम यांनुसार करमणुकीसाठी प्राणी दाखवायचा तर नोंदणी करावी लागते. साप, घुबड आणि देशी पोपट यांना तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून लागू आहे. करमणुकीच्या जादूला त्यामुळे काहीही बाध येत नाही, मात्र आपल्याला सिद्धी आहे, आपण रोग बरे करतो किंवा भविष्य सांगतो असा आभास प्रयोगातून निर्माण होऊ देऊ नये. लिफाफ्यातील भाकीत खरे ठरवण्याचा प्रयोग झाल्यावर कोणीतरी काकू हमखास जवळ येऊन मुलाच्या नोकरीविषयी विचारतात. त्यांना नम्रपणे आणि स्पष्टपणे सांगावे की ही हातचलाखी आहे आणि ती शिकायला मला दोन वर्षे लागली. रेकॉर्ड केलेली चित्रपटगीते जाहीर कार्यक्रमात वाजवण्यासाठी परवाना लागू शकतो, म्हणून पार्श्वसंगीत हवे असल्यास ओळखीच्या वादकाकडून दोन-तीन तुकडे स्वतंत्र वाजवून घेणे सोयीचे पडते.

सराव आणि प्रत्यक्ष दिवस

आरशासमोरचा सराव सुरुवातीला ठीक आहे, पण आरशात पाहताना आपण हातचलाखीच्या नेमक्या क्षणी नकळत डोळे मिटतो आणि चूक दिसत नाही. म्हणून मोबाइल तीन ठिकाणी ठेवून, म्हणजे समोरून, डावीकडून आणि कपाटावरून, चित्रण करावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. हात आणि बोलणे यांचा सराव आधी वेगवेगळा आणि मग एकत्र करावा. हात पूर्णपणे सवयीचे झाल्याशिवाय प्रेक्षकांच्या चेहऱ्याकडे पाहता येत नाही, आणि चेहऱ्याकडे न पाहणारा माणूस हसवू शकत नाही. रंगीत तालीम प्रयोगाच्याच कपड्यांत करावी, कारण खिशांची जागा बदलली की हात चुकतो. ती पाहायला घरच्यांऐवजी ज्यांना आपले फारसे कौतुक नाही अशा पाचसहा जणांना बोलवावे.

कार्यक्रमाच्या दिवशी बॅग वापराच्या उलट क्रमाने भरावी, म्हणजे पहिली लागणारी वस्तू वर येते. टेबल मांडल्यावर त्यावर चादर टाकावी आणि त्यापासून दूर जाऊ नये. निवेदकाला आपली ओळख चार ओळींत लिहून द्यावी. नाही तर तो 'आता आपल्यापुढे जगप्रसिद्ध' अशी सुरुवात करतो आणि तो भार पुढचा तासभर वाहावा लागतो. माईक तपासताना 'हॅलो, चेक' म्हणण्यापेक्षा कार्यक्रमातील सर्वांत हळू वाक्य म्हणून पाहावे आणि ते शेवटच्या रांगेत ऐकू येते का हे एखाद्या कार्यकर्त्याला तेथे उभे करून विचारावे.

वीज जाते. त्या वेळेसाठी माईकशिवाय आणि मोबाइलच्या उजेडात करता येईल असा दोरीचा पाच मिनिटांचा प्रयोग राखून ठेवावा, मंचावरून खाली उतरावे आणि मुलांच्या मध्ये सतरंजीवर बसून तो करावा. कित्येकदा लोक नंतर तोच प्रयोग आठवणीने सांगतात. एखादा प्रयोग फसला तर खुलासा करू नये. काय होणार होते हे आपण आधी सांगितलेले नसेल, तर फसले हे केवळ आपल्यालाच ठाऊक असते. ती वस्तू टेबलावर ठेवावी, तांब्या उचलावा आणि पाणी ओतावे.

मानधन आणि नंतरची नोंद

मानधन, त्यातील किती आगाऊ मिळणार, प्रवासखर्च, माईकची व्यवस्था आणि सुरू होण्याची वेळ हे सर्व फोनवर ठरले तरी एका संदेशात लिहून पाठवावे आणि त्यावर उत्तर घ्यावे. 'या वर्षी बजेट कमी आहे, पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य ऐकल्यावर विनामूल्य करायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे; करायचे ठरवले तर मनापासून करावे, अर्धवट करू नये. कार्यक्रमाचे चित्रण कोठे टाकले जाणार हे विचारावे, आणि मंचावर आलेल्या मुलांचे चेहरे पालकांना न विचारता कोणी सार्वजनिक करू नयेत असे आयोजकांना सांगून ठेवावे.

शेवटच्या टाळीनंतर मुले टेबलाकडे धावत येतात. प्रथम साहित्य बंद करावे आणि मग त्यांच्याशी बोलावे. कसे केले हे कोणी कितीही लाडाने विचारले तरी सांगू नये. त्याऐवजी ज्याला खरोखर शिकायचे आहे असे वाटेल त्याला दोरीची एक साधी गाठ शिकवावी. घरी गेल्यावर त्याच रात्री वहीत तारीख, ठिकाण, केलेले प्रयोग त्यांच्या क्रमासह, कोणत्या वाक्याला हशा मिळाला, कोणते पडले आणि मंचावर कोण आले होते याची नोंद करावी. दोन-तीन वर्षांनी त्याच मंडळाकडून बोलावणे येते, आणि तेव्हा मागच्या वेळी मंचावर आलेला मुलगा पहिल्या रांगेत बसून शेजारच्याला पुढे काय होणार ते सांगत असतो. वहीत पाहून सारे प्रयोग बदलावेत. तांब्या मात्र न्यावा, कारण तो मुलगा आल्या आल्या त्याच्याविषयीच विचारतो.